हलबचे ज्यू, ब्रुकलिनचे घर : ‘स्टनिंग’ या नाटकाविषयी

लहान आणि घट्ट विणीचा समाज रंगभूमीवर आणू पाहणाऱ्या नाटककारापुढे नेहमीच दुहेरी अडचण असते. बाहेरच्या प्रेक्षकाला त्या समाजातील नाती, विधिनिषेध आणि बोली यांची ओळख नसते, आणि आतल्या माणसांच्या ती इतकी अंगवळणी पडलेली असतात की त्यांविषयी चारचौघांत बोलणे त्यांना घरभेदीपणाचे वाटते. डेव्हिड अजमी या अमेरिकन नाटककाराने ‘स्टनिंग’ या नाटकात ही अडचण टाळली नाही, उलट तिलाच नाटकाचा विषय केले. वॉशिंग्टनच्या ‘वुली मॅमथ’ या नाट्यसंस्थेने २००८ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर थिएटरने २००९ मध्ये सादर केलेले हे नाटक ब्रुकलिनमधील मिडवुड भागातल्या सीरियन ज्यूंच्या वस्तीत घडते. १९७३ मध्ये जन्मलेले अजमी याच समाजात वाढले, धार्मिक शाळेत शिकले, आणि समलिंगी तरुण म्हणून तेथे आपल्याला जागा नाही हे कळल्यावर त्यातून बाहेर पडले. नाटकातील माया आणि चीड या दोन्हींचे मूळ या प्रवासात आहे.

नाटकाची नायिका लिली ही अवघ्या सोळा वर्षांची नवविवाहिता आहे. तिचा नवरा आइक वयाने तिच्याहून पुष्कळ मोठा, धंद्यात मुरलेला आणि घरात आपला शब्द शेवटचा मानणारा आहे. बहीण शेली आणि मैत्रीण क्लॉडीन यांच्याबरोबर पत्ते कुटणे, कोणाचे लग्न कोठे ठरले आणि कोणी काय विकत घेतले याची चर्चा करणे, आरसे आणि पांढरे सामान यांनी चकचकीत केलेल्या घरात दिवस काढणे, असे लिलीचे आयुष्य आहे. या घरात ब्लांश नावाची कृष्णवर्णीय स्त्री मोलकरीण म्हणून येते. ती केवळ सुशिक्षित नाही, तर चिन्हमीमांसेची, म्हणजे शब्द, वस्तू आणि प्रतिमा यांना अर्थ कसा चिकटतो याचा विचार करणाऱ्या शास्त्राची गाढी अभ्यासक आहे, आणि परिस्थितीने तिच्यावर दुसऱ्याचे घर झाडण्याची वेळ आणली आहे. लिली तिच्याकडून शिकू लागते, दोघींमध्ये आधी मैत्री आणि मग प्रेम निर्माण होते, आणि आतापर्यंत जगण्याला दुसरी वाट असू शकते हेच ठाऊक नसलेल्या मुलीला ती वाट दिसू लागते. पहिल्या भागात भराभर बोलणाऱ्या बायकांचे विनोदी नाटक वाटणारी ही संहिता पुढे शोकान्ताकडे घसरत जाते, आणि आधी हसलेल्या प्रेक्षकाला आपण नेमके कशाला हसलो याचा हिशेब द्यावा लागतो.

सोळाव्या वर्षीचे लग्न नाटककाराने केवळ धक्का देण्यासाठी योजले, असे म्हणता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात त्या काळी आईवडिलांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न करणे कायद्याला मान्य होते. ही मर्यादा २०१७ मध्ये सतरा वर्षांवर आणि २०२१ मध्ये अठरा वर्षांवर नेण्यात आली. मुलीचे लग्न लवकर उरकणे आणि नवरा धंद्यात स्थिरावलेला असावा असा आग्रह धरणे ही या समाजाची जुनी रीत होती, आणि तिचे टोक गाठले तर काय दिसेल, एवढेच अजमी यांनी दाखवले.

हा समाज कोठून आला हे समजल्याखेरीज नाटकातील बंद दारांचा अर्थ लागत नाही. सीरियन ज्यूंची दोन मुख्य केंद्रे होती, अरबीत हलब म्हटले जाणारे अलेप्पो आणि शाम म्हटले जाणारे दमास्कस. त्यावरून त्यांचे हलबी आणि शामी असे दोन गट पडले, आणि परदेशी गेल्यावरही या गटांनी दीर्घकाळ आपापली प्रार्थनास्थळे वेगळी ठेवली. अलेप्पोत अरबी बोलणारे मूळचे ज्यू होते, १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू त्यांच्यात येऊन मिसळले, आणि पुढे इटलीतून व्यापारी घराणीही आली. पर्शियन आखात आणि भूमध्य समुद्र यांना जोडणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवरचे हे शहर असल्यामुळे येथील ज्यूंच्या आयुष्यात व्यापाराला केवळ चरितार्थाचे नव्हे, तर प्रतिष्ठेचेही स्थान होते. या वाटेचे एक टोक भारतापर्यंत पोहोचत होते: अलेप्पोत जन्मलेले शालोम कोहेन अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आले, तेथून कलकत्त्यास गेले, आणि पुढे ‘बगदादी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कलकत्त्याच्या ज्यू समाजाचे संस्थापक ठरले. अलेप्पोच्या ज्यू स्वयंपाकात चिंचेच्या कोळाला मानाचे स्थान आहे, याचे नवल मग वाटू नये.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि काफिल्यांच्या वाटेवर जगणाऱ्या शहरांना उतरती कळा लागली. १९०८ च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीनंतर उस्मानी साम्राज्यात मुस्लिमेतरांनाही लष्करात भरती होणे सक्तीचे झाले, तेव्हा तरुण मुलगे देश सोडू लागले. मँचेस्टर, ब्यूनोस आयरीस, मेक्सिको सिटी आणि न्यूयॉर्क येथे हलबी वस्त्या उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये हे लोक प्रथम लोअर ईस्ट साइड भागात राहिले. तेथे पूर्व युरोपातून आलेले अश्केनाझी ज्यू बहुसंख्य होते. त्यांची भाषा यिडिश होती, तर या नवागतांच्या तोंडी अरबी होती, आणि यिडिश न बोलणारा माणूस ज्यू असू शकतो हे पुष्कळांना पटेना. स्वधर्मीयांकडूनच परके ठरवले जाण्याचा हा अनुभव समाजाच्या मनात खोल रुतला. फेरीवाले म्हणून चादरी, लेस आणि तागाचे कापड विकणारी ही माणसे पुढे दुकानदार, आयातदार आणि तयार कपड्यांचे उत्पादक झाली. वस्ती विल्यम्सबर्ग आणि बेन्सनहर्स्ट असे टप्पे घेत दुसऱ्या महायुद्धानंतर ओशन पार्कवे या रुंद रस्त्याच्या आसपास स्थिरावली, आणि उन्हाळ्यात सारा समाज न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील डील या गावी मुक्काम हलवू लागला. शेजारी बदलले नाहीत, फक्त समुद्र जवळ आला.

मागे राहिलेल्यांची स्थिती बिकट होत गेली. पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केल्यानंतर काही दिवसांतच अलेप्पोत दंगल उसळली आणि तेथील मुख्य सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, आग लावण्यात आली. हिब्रू बायबलची सर्वांत विश्वसनीय मानली जाणारी दहाव्या शतकातील हस्तलिखित प्रत शतकानुशतके या मंदिरात लोखंडी पेटीत जपून ठेवलेली होती. ती वाचली, १९५८ मध्ये जेरुसलेमला पोहोचलीही. मात्र सुमारे ४९० पानांपैकी २९५ च्या आसपासच पाने आता उपलब्ध आहेत. सीरियात उरलेल्या ज्यूंच्या देशांतरावर अनेक दशके कडक निर्बंध होते. १९९२ मध्ये हाफिज अल् असद यांच्या राजवटीने ते शिथिल केल्यावर, मुख्यतः दमास्कसमध्ये राहिलेले जवळपास चार हजार ज्यू बाहेर पडले आणि त्यांतील पुष्कळसे ब्रुकलिनला आले. मूळ गाव संपले आणि ते जपण्याची सगळी जबाबदारी ब्रुकलिनवर आली.

या जबाबदारीचे सर्वांत कठोर रूप म्हणजे १९३५ चा फतवा, ज्याला हिब्रूत तक्काना म्हणतात आणि समाजात नुसते ‘एडिक्ट’ म्हटले जाते. यहुदी धर्मशास्त्रानुसार परधर्मीय व्यक्तीने विधिपूर्वक धर्मांतर केले तर ती ज्यू मानली जाते आणि तिच्याशी झालेला विवाह वैध ठरतो. ब्रुकलिनच्या सीरियन धर्मगुरूंनी मात्र असे धर्मांतरच अमान्य ठरवले आणि धर्मांतरितांशी विवाह करणाऱ्याला समाजाचे दरवाजे बंद केले. अशा जोडप्याला प्रार्थनामंदिरात मान नाही, त्यांच्या मुलांना समाजाच्या शाळेत प्रवेश नाही, आणि मृत्यूनंतर समाजाच्या दफनभूमीत जागाही नाही. अर्जेंटिनात गेलेल्या अलेप्पोच्या धर्मगुरूंनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस असाच निर्णय घेतला होता. ब्रुकलिनच्या फतव्याचा पुढे अनेक वेळा पुनरुच्चार झाला; लग्नाचा हेतू नसलेल्या प्रामाणिक धर्मांतराला १९४६ मध्ये थोडी सवलत मिळाली खरी, पण मूळ नियम कायम राहिला, आणि २००६ मध्ये समाजाच्या धर्मगुरूंनी व पुढाऱ्यांनी त्यावर पुन्हा सह्या केल्या. अमेरिकेत इतर ज्यू समाजांमध्ये मिश्रविवाहांचे प्रमाण वाढत असताना सीरियन समाज वाढत गेला. त्याची संख्या सुमारे पाऊण लाख असल्याचा अंदाज या शतकाच्या पहिल्या दशकात वर्तवला जात होता. कुंपणाने काम केले, यात शंका नाही. कुंपणाच्या आत कोणाचे काय झाले, हा प्रश्न मात्र आकडेवारी विचारत नाही, नाटक विचारते.

ज्यू असणे आणि ज्यू म्हणून स्वीकारले जाणे यांतील हे अंतर महाराष्ट्राच्या मातीतील बेने इस्रायल समाजालाही भोगावे लागले आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेला, मराठी बोलणारा आणि एकोणिसाव्या शतकात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचणारा हा समाज इस्रायलला गेला, तेव्हा १९६० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या वंशावळीची चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध आंदोलन झाले, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. मुंबईत तर श्रीमंत बगदादी ज्यूंनीही त्यांच्यापासून अंतर राखले होते. ज्याच्याकडे एकदा संशयाने पाहिले गेले तो समाज पुढे इतरांकडे संशयाने पाहण्यात कसूर करत नाही, हे सीरियन ज्यूंच्या बाबतीत जितके खरे आहे तितकेच त्या बगदादी घराण्यांच्या बाबतीतही खरे होते.

‘स्टनिंग’मध्ये हा फतवा कोठेही वाचून दाखवला जात नाही, आणि तेच नाटककाराचे कौशल्य आहे. नियम भाषेत मुरलेला आहे. लिली, शेली आणि क्लॉडीन यांची बोली ब्रुकलिनची इंग्रजी, अरबी शब्द, समाजाच्या खास लघुसंज्ञा आणि अर्धवट सोडलेली वाक्ये यांच्या मिश्रणातून घडली आहे. समाजातील माणसे स्वतःला ‘एसवाय’ म्हणवतात, म्हणजे सीरियन या इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरे, आणि अश्केनाझींना ‘जे-डब’ म्हणतात; जो आपल्यातला नाही त्याला या दोन शब्दांत जागच्या जागी उभे केले जाते. संवाद एकमेकांवर आदळतात, कोणी कोणाचे ऐकून घेत नाही, तरी सर्वांना सर्व काही कळते, कारण नवीन असे काही बोलले जातच नाही. दिग्दर्शिका ॲन कॉफमन यांनी वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणी हे नाटक बसवले. न्यूयॉर्कच्या प्रयोगात लिलीची भूमिका क्रिस्टिन मिलियोटी यांनी आणि ब्लांशची शार्लेन वुडर्ड यांनी केली. अशा संहितेत शब्दांची लय चुकली तर पात्रे मूर्ख वाटू लागतात, लय साधली तर ती अडकलेली वाटतात; नाटकाचे सारे यश या फरकावर अवलंबून आहे.

भाषेखाली आणखी एक प्रश्न दडलेला आहे, तो वर्णाचा. लिलीच्या घरातील सगळे स्वतःला गोरे समजतात. अरबी भाषा, अरबी पदार्थ, अरबी सूर हे सारे घरात चालते, पण अरब म्हटलेले कोणालाच चालत नाही. ही धडपड इतिहासाला धरून आहे. अमेरिकेत १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा अधिकार फक्त ‘गोऱ्या’ व्यक्तींना दिला होता, आणि सीरियातून आलेला माणूस गोरा की नाही यावर विसाव्या शतकाच्या आरंभी न्यायालयांत खटले चालले. १९१५ मध्ये जॉर्ज डाऊ या सीरियन ख्रिश्चनाच्या खटल्यात अपील न्यायालयाने सीरियनांना गोरे ठरवले, तेव्हा ही वाट मोकळी झाली. गोरेपणा हा जन्माने मिळालेला नसून कोर्टात मिळवलेला असेल, तर तो पुन्हा हातून जाईल ही भीती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. घरातल्या कृष्णवर्णीय मोलकरणीशी ही माणसे ज्या तुसडेपणाने वागतात त्यामागे हीच भीती आहे, हे अजमी यांनी कोणत्याही पात्राच्या तोंडी व्याख्यान न घालता दाखवले आहे.

ब्लांश हे पात्र मात्र वादाचे आहे, आणि हा वाद रास्त आहे. अमेरिकन नाटक-सिनेमांत गोऱ्या नायिकेला जागे करण्यापुरते येणारे आणि नंतर तिच्यासाठी भरडले जाणारे कृष्णवर्णीय पात्र ही इतकी मळलेली वाट आहे की तिच्यावर पाऊल ठेवताना नाटककाराला फार जपावे लागते. ब्लांशला विद्वत्ता, तिरकस विनोद आणि स्वतःच्या जखमा देऊन अजमी यांनी तिला त्या साच्यातून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु उत्तरार्धात कथानकाचा वेग वाढतो तशी तिच्या स्वतंत्र आयुष्याला मिळणारी जागा आक्रसत जाते, आणि लिलीच्या फसलेल्या सुटकेची किंमत मोजणारी व्यक्ती एवढेच तिचे स्थान उरते. लिली स्वतः अन्यायाची बळी आहे, म्हणून तिच्या हातून अन्याय होणार नाही असे नाही. उलट आयत्या वेळी तिला सोयीचे तेवढेच आठवते. हे सांगणे धाडसाचे आहे. पण त्याचे पुरते वजन पडण्यासाठी ब्लांश थोडी अधिक जगायला हवी होती.

दुसरी उणीव समाजाच्या चित्रणात आहे. हलबी समाजाकडे केवळ नियम नाहीत, संगीतही आहे. पिझमोनिम नावाची त्यांची हिब्रू भक्तिगीते लोकप्रिय अरबी गाण्यांच्या चालींवर बांधलेली असतात, मराठी कीर्तनकाराने लोकांच्या ओठांवरची चाल उचलून तीत अभंग बसवावा तशी. अलेप्पोचे राफाएल ताबुश आणि न्यूयॉर्कला आलेले त्यांचे शिष्य मोशे अशीर यांनी ही परंपरा समृद्ध केली, आणि आजही दर शनिवारची प्रार्थना कोणत्या मकामात, म्हणजे अरबी संगीतातील कोणत्या रागात, म्हणायची हे त्या आठवड्याच्या धर्मपाठाच्या आशयावरून ठरते. ज्या समाजाने आपल्याला हाकलणाऱ्या देशाचे सूर देवघरात जपले, त्याचे मन नाटकात दिसते त्याहून गुंतागुंतीचे असणार. आजीआजोबा हयात असतानाच नातवंडांना त्यांचे नाव देण्याची रीतही अशीच आहे. तिच्यामुळे एकाच घरातील चुलत भावंडांची नावे सारखी होतात, थट्टा होते, पण वडीलधाऱ्यांना आपले नाव पुढे चाललेले डोळ्यांदेखत दिसते. अजमी यांच्या लेखणीला या समाजाचा जाच बारकाईने ठाऊक आहे. त्याची ऊब त्यांनी जवळजवळ वगळली आहे.

ही वगळणूक समाजाला बोचली असेल तर ते समजण्यासारखे आहे, विशेषतः कारण बाहेरच्या जगाला या समाजाची ओळख बहुधा वाईट बातम्यांतूनच होते. नाटक न्यूयॉर्कला झाले त्याच उन्हाळ्यात, जुलै २००९ मध्ये, न्यू जर्सी आणि ब्रुकलिन येथे झालेल्या मोठ्या धरपकडीत पैशांच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून समाजातील काही ज्येष्ठ धर्मगुरूंनाही अटक झाली, आणि जे लोक ओशन पार्कवेवर कधी पाऊल टाकणार नव्हते तेही सीरियन ज्यूंविषयी ठाम मते बाळगू लागले. तथापि समाजाची बदनामी होईल म्हणून नाटककाराने गप्प बसावे, ही मागणी मान्य केली तर लिलीसारख्या मुलींविषयी बोलणारे कोणीच उरत नाही. समाजाचा गौरव करणारी पुस्तके उपलब्ध आहेत. जोसेफ सटन यांचा ‘मॅजिक कार्पेट : अलेप्पो इन फ्लॅटबुश’ हा १९७९ चा ग्रंथ समाजाच्या आतून लिहिलेला आहे, आणि मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर झेनर यांनी २००० मध्ये अलेप्पोच्या जगभर पसरलेल्या ज्यूंचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. गौरव आणि अभ्यास यांतून सुटलेले जे उरते, ते नाटकाच्या वाट्याला येते.

अजमी यांनी २०२० मध्ये ‘लॉट सिक्स’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षकच समलिंगी पुरुषासाठी समाजात वापरल्या जाणाऱ्या हिणकस सांकेतिक संज्ञेवरून घेतले आहे. लहानपणी आईने दाखवलेली नाटके, शाळेतील घुसमट आणि स्वतःला नव्याने घडवण्याची धडपड त्यात मोकळेपणाने आली आहे, आणि आईचे जे चित्र त्यात उभे राहते त्यात ‘स्टनिंग’मध्ये न सापडणारा जिव्हाळा सापडतो. पुढे ‘स्टीरिओफोनिक’ या त्यांच्या नाटकाने २०२४ मध्ये टोनी पुरस्कारांची तेरा नामांकने मिळवून संगीतिका वगळता इतर नाटकांसाठी विक्रम केला आणि सर्वोत्कृष्ट नाटकासह पाच पुरस्कार जिंकले. ते नाटक १९७० च्या दशकातील एका रॉक वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाविषयी आहे, सीरियन ज्यूंविषयी नाही. तरी एका बंद खोलीत अडकलेली, एकमेकांना सोडू न शकणारी आणि सतत एकमेकांचे वाक्य तोडणारी माणसे त्यातही आहेत. अजमी यांचे हे सर्वांत सफाईदार नाटक असेल. त्यांचे सर्वांत निकडीचे नाटक मात्र ‘स्टनिंग’ आहे, आणि त्याची संहिता २०११ पासून इतर दोन नाटकांसह पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. इंग्रजी नाटके वाचणाऱ्या मराठी वाचकाने आणि विशेषतः बोलीभाषेच्या भाषांतराचे आव्हान पेलू इच्छिणाऱ्या नाट्यकर्मीने ती ‘लॉट सिक्स’च्या सोबतीने वाचावी.